माल संपला, म्हणून नाव नाही?

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत रोमेन लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीतून ई. कोलाय हा जुलाबाचा जंतू पसरला. १५ राज्यांत ८९ जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. लेट्यूस कुठून आलं याचा माग तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, लागला होता. तरी फाइल बंद झाली ती पिकवणाऱ्याचं आणि पॅक करणाऱ्याचं नाव न सांगताच. कारण दिलं गेलं ते असं की बाधित माल आता बाजारात उरलेला नाही. मग जुलै २०२५ मध्ये रोगनियंत्रण केंद्रानं, सीडीसीनं, अन्नातून होणाऱ्या रोगांवर नजर ठेवणाऱ्या फूडनेट या जाळ्यातली सक्तीची पाळत आठ जंतूंवरून दोनांवर आणली. सॅल्मोनेला आणि शिगा विष बनवणारा ई. कोलाय राहिले. गळालेल्या सहांत सायक्लोस्पोरा हा एकमेव परजीवी होता.

यावर जो वाद चालू आहे तो वाईट रीतीनं चालू आहे. एका गटाच्या मते सरकार कंपन्यांच्या खिशात आहे, म्हणून नाव लपवतं. दुसरा गट म्हणतो की नाव फोडलं की घबराट होते, निर्दोष शेतकरी बुडतो, आणि संपलेल्या मालाचं नाव कळून करायचंय काय? तिसरा गट समंजस चेहऱ्यानं सांगतो, भाजी नीट धुवा म्हणजे झालं. पहिल्याला हेतू शोधायचेत, दुसऱ्याला शांतता हवीय, तिसऱ्याला जबाबदारी नळाखाली ढकलायचीय. तपास प्रत्यक्षात कसा चालतो, याबद्दल तिघेही बोलत नाहीत. माझं म्हणणं असं की पुरावा एका ठरलेल्या पातळीला पोचला की नाव जाहीर झालंच पाहिजे, माल दुकानात असो वा नसो. नाव जाहीर करणं ही शिक्षा आहे असं धरून सगळे भांडतात. ती तपासातलीच एक पायरी आहे, आणि सायक्लोस्पोरासारख्या परजीवीच्या बाबतीत तर ती वगळली की पुढचा तपासच लंगडा होतो.

का, ते समजायला या जीवाची चाल पाहावी लागते. सायक्लोस्पोरा कायेटानेन्सिस हा एकपेशीय परजीवी, आणि त्याचा ज्ञात यजमान एकच, माणूस. माणसाच्या शौचातून त्याच्या कवचबंद पेशी, ऊसिस्ट, बाहेर पडतात. आकार आठ ते दहा मायक्रॉन. बाहेर पडतात तेव्हा त्या कुणाला बाधू शकत नाहीत; उबदार, ओलसर जागी एक ते दोन आठवडे पिकल्यावर बाधक होतात. म्हणजे हॉटेलातल्या एखाद्या आचाऱ्यानं आज हात धुतले नाहीत म्हणून उद्या ही साथ येत नाही. विष्ठा शेतात किंवा शेताच्या पाण्यात जावी लागते, तिथे काही दिवस राहावी लागते, आणि मग ते पाणी पानांवर पडावं लागतं. ताटातून पोटात गेल्यावर साधारण सात दिवसांनी पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. ते थांबतात, माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो, पुन्हा सुरू होतात. अन्नावरची वासना उडते, वजन उतरतं, थकवा इतका की जिना चढवत नाही. उपचाराशिवाय हे महिनाभर आणि त्याहून अधिकही चालू शकतं. लागू पडणारं औषध जवळजवळ एकच, ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोलची जोडगोळी, सात ते दहा दिवस. सल्फाची ॲलर्जी असलेल्याला तितका भरवशाचा पर्याय नाही.

आता तारखा मांडून पाहा. लेट्यूस शेतातून निघालं १ जूनला. ताटात आलं ८ जूनला. जुलाब १५ जूनला. माणूस आठवडाभर ताक-भात खाऊन वाट पाहतो, मग डॉक्टरकडे जातो. डॉक्टर आधी ‘व्हायरल असेल’ म्हणून आणखी चार दिवस देतात. शौचाचा नमुना जातो जूनच्या अखेरीस. नेहमीच्या तपासणीत हा परजीवी सापडत नाही; ‘सायक्लोस्पोरा पाहा’ असं चिठ्ठीवर वेगळं लिहावं लागतं. तेव्हा प्रयोगशाळा सुधारित आम्लस्थिर रंगप्रक्रिया करते किंवा अतिनील प्रकाशाखाली त्याची निळी चमक शोधते, आणि एका नमुन्यात तो निसटू शकतो म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतरानं आणखी नमुने मागते. अलीकडच्या पीसीआर चाचण्यांनी हे सोपं केलंय, पण त्या प्रत्येक दवाखान्यात होत नाहीत. जिल्हा आरोग्य खात्याचा फोन येतो जुलैच्या मध्यावर: आजारी पडण्याआधीच्या १४ दिवसांत काय काय खाल्लंत? पिशवीतल्या कापलेल्या सॅलडचं आयुष्य जेमतेम दोन आठवडे. ज्या पिशवीबद्दल विचारणा चालू आहे ती महिन्यापूर्वी कचऱ्यात गेलेली असते. सायक्लोस्पोराचा रुग्ण नोंदीत यायला सहा आठवडेही लागतात. तेव्हा ‘माल बाजारात नाही’ हे वाक्य या परजीवीच्या जवळजवळ प्रत्येक साथीत, प्रत्येक वेळी खरंच असणार. जे कारण कायमच लागू पडतं त्याला कारण कसं म्हणायचं?

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि कॅनडात मिळून या परजीवीचे १,४६५ रुग्ण नोंदले गेले. टेक्सासच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी बोट दाखवलं ते कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीकडे. काही आठवड्यांत स्ट्रॉबेरीचा बाजार कोसळला, बागायतदारांना कोट्यवधी डॉलरचा फटका बसला. आणि दोष निघाला ग्वातेमालाहून आलेल्या रासबेरीचा. ही चूक कशी झाली तेही पाहण्यासारखं आहे. लग्नसमारंभात आणि मेजवान्यांत दोन्ही फळं एकाच भांड्यात, एकाच केकवर होती. पाहुण्यांना लक्षात राहिली ती स्ट्रॉबेरी. पुढे ५५ समारंभांचा हिशेब मांडला तेव्हा जवळजवळ सगळ्यांत रासबेरी होती. ग्वातेमालातही निर्दोष लोक भरडले गेले. १९९६ मध्ये तिथे रासबेरीचे सुमारे ८५ उत्पादक होते, २००२ पर्यंत तीन उरले. त्या ८५ पैकी बहुतेकांच्या फवारणीच्या पाण्यात काहीही दोष नसावा.

२०११ ची जर्मनी याहून वाईट. ई. कोलायच्या भयंकर साथीत हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी मे महिन्यात स्पॅनिश काकडीचं नाव घेतलं. स्पेनच्या शेतकऱ्यांनी टनावारी काकडी मातीत गाडली. साथीत ५० हून अधिक माणसं दगावली, आणि दोषी ठरले मोड आलेले मेथीदाणे, इजिप्तहून आलेल्या बियाण्याचे. ही दोन उदाहरणं समोर असताना ‘संशय आला की नाव सांगा’ असं कुणी म्हणत असेल तर तो बेजबाबदारपणा आहे.

पण या दोन्ही ठिकाणी नेमकं काय चुकलं? टेक्सासमध्ये रुग्णांच्या आठवणीवर विसंबून, फळ कुठून आलं याचा माग न काढता नाव घेतलं गेलं. हॅम्बुर्गमध्ये काकडीवर सापडलेला जंतू साथीतल्या जंतूच्याच जातकुळीचा आहे का, हे कळण्याआधी. दोन्हीकडे पुराव्याचा एक पाय लुळा होता. जर्मनांनी नंतर गुंता सोडवला तो पद्धत बदलून. रुग्णांना विचारलं तर चौघांतल्या जेमतेम एकाला मोड खाल्ल्याचं आठवत होतं, कारण मोड ताटात शोभेला भुरभुरलेले होते. मग तपासनिसांनी एकाच हॉटेलात जेवलेले गट घेतले, पदार्थांची नावं आणि फोटो पाहून कुणी काय मागवलं ते नोंदलं, आणि आचाऱ्याला विचारलं की या पदार्थात काय काय, किती आणि कसं घातलं होतंत. आठवणीला वगळून पाककृतीला साक्षीला बोलावलं. उत्तर काही दिवसांत आलं.

ही पद्धत मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण २०१३ मध्ये टेक्सासच्या रुग्णांत दोषी ठरली ती कोथिंबीर. ह्यूस्टन-डॅलसला राहणाऱ्या घरातल्या माणसाला फोनवर विचारलं, ‘गेल्या महिन्यात काय खाल्लं?’ तर तो सांगेल पोहे, मिसळ, भेळ, आमटी. कोथिंबीर कुणाच्या तोंडी येणार नाही. ती पदार्थ नसतेच आपल्या लेखी, आणि पडते मात्र कच्ची, शेवटी, गॅस बंद केल्यावर. तिथल्या आरोग्य खात्याचा फोन आलाच तर ताटातल्या पदार्थांऐवजी कच्च्या राहिलेल्या गोष्टी सांगाव्यात: वरून घातलेली कोथिंबीर, पुदिन्याची चटणी, कोशिंबिरीतली काकडी, मोड न शिजवता केलेली उसळ. शिवाय ज्या दुकानाचं सदस्यकार्ड आहे त्याचं नाव सांगावं. खरेदीची तारीख आठवत नसली तरी दुकानाच्या संगणकात असते, आणि तपासनीस संमतीनं ती काढून घेतात.

२०१३ च्या त्याच उन्हाळ्यात आयोवा आणि नेब्रास्कात दुसरी साथ चालू होती. देशभरात २५ राज्यांत मिळून ६३१ रुग्ण. ३० जुलैला दोन्ही राज्यांनी सांगितलं की दोष पिशवीबंद मिश्र सॅलडचा आहे. कुणाचं सॅलड, कुठल्या हॉटेलांतलं, हे सांगितलं नाही. आयोवाच्या कायद्यात तशी सोय होती: लोकारोग्यासाठी गरज आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तरच व्यवसायाचं नाव उघड करायचं. माल संपलाय, मग गरज कसली? तीन दिवसांनी एफडीएनंच नाव सांगितलं: टेलर फार्म्सची मेक्सिकोतली कंपनी, आणि ऑलिव्ह गार्डन व रेड लॉब्स्टर ही हॉटेलं. ऑगस्टच्या मध्यावर तपासणी पथक मेक्सिकोत पोचलं आणि काहीच सापडलं नाही. हा मुद्दा विरोधक हमखास मांडतात: पाहा, कंपनी स्वच्छ निघाली. जूनमध्ये खाल्लेल्या पानांचा दोष ऑगस्टच्या पाण्यात सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्वच्छ असण्याचा पुरावा म्हणून ती तपासणी जितकी कुचकामी, तितकीच दोषाचा पुरावा म्हणूनही. उशिरा पोचलेल्या माणसाची साक्ष कुठल्याच बाजूनं धरू नये.

हेच आयोवा पाच वर्षांनी वेगळं वागलं. १२ जुलै २०१८ ला इलिनॉय आणि आयोवा या दोन राज्यांनी मॅकडोनाल्ड्सच्या सॅलडचं नाव घेतलं. कंपनीनं मध्य-पश्चिमेतल्या सुमारे तीन हजार उपाहारगृहांतून ते सॅलड काढलं. न वापरलेली एक पिशवी तपासकांच्या हाती लागली, आणि २६ जुलैला एफडीएनं सांगितलं की फ्रेश एक्स्प्रेसच्या त्या रोमेन-गाजर मिश्रणात परजीवी सापडलाय. शेवटी रुग्ण पाचशेच्या वर गेले, मृत्यू एकही नाही. सायक्लोस्पोराच्या साथीत खुद्द अन्नातच परजीवी सापडणं दुर्मीळ. तो प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, आणि एका पानावर असतो तर शेजारच्या शंभर पानांवर नसतो. तिथे तो सापडला, कारण पिशवी अजून शिल्लक होती. निव्वळ नाव घेतल्यामुळे सापडला असं मी म्हणणार नाही. पण खातं बोलायला तयार आहे म्हणजे ते वेळेवर विचारायलाही तयार असतं, हा संबंध योगायोगाचा नाही.

‘लोकांना करण्यासारखं काही उरत नाही’ या सबबीत लोक म्हणजे फक्त गिऱ्हाईक असं गृहीत धरलंय. मग तीन आठवडे जुलाबानं बेजार होऊन घरी पडलेली बाई कोण? तिला हॉटेलाचं नाव कळलं तर ती डॉक्टरला जाऊन म्हणेल, मी तिथे जेवले होते, ती वेगळी चाचणी लिहून द्या. डॉक्टरला कळलं तर चिठ्ठीवर तो शब्द येईल. शेजारच्या राज्यातल्या साथरोगतज्ज्ञाला कळलं तर तो आपले रुग्ण त्या नावाशी ताडून पाहील, आणि जुळत नसतील तर दुसरा उगम शोधायला लागेल. २०१३ मध्ये टेक्सासचे रुग्ण सॅलडच्या त्या साखळीत बसत नव्हते. बसत नाहीत हे कळणंही तपासाची कमाईच होती. त्याच कंपनीकडून माल घेणारी दुसरी हॉटेलं पुढच्या मोसमात काय प्रश्न विचारतील, हा भाग वेगळाच. एवढी सगळी माणसं ‘लोक’ या शब्दातून वगळली तरच काही करण्यासारखं उरत नाही.

घबराटीची भीती मुंबईनं सव्वाशे वर्षांपूर्वी अनुभवली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं तेव्हा अधिकाऱ्यांना ते नाव नको होतं. बंदराचा व्यापार, परदेशी बंदरांतल्या क्वारंटाइनची धास्ती, सगळं पणाला लागलं होतं; सौम्य, संशयास्पद तापाची भाषा चालू राहिली. म्हणून घबराट टळली का? शहरातून लाखो माणसं पळाली, आणि वर्षभरात सरकारच्या तोंडी शब्दावर कुणाचा विश्वास उरला नाही. पुण्यात १८९७ मध्ये रॅंडच्या पथकांपासून लोक आजारी माणसं लपवत होते. कारणं अनेक होती, जुलूम त्यांत पहिला. पण आजार लपवायची सवय सरकारनंच आधी घालून दिली होती, हे विसरू नये.

आयात मालाचा मुद्दा थोडक्यात. ग्वातेमाला, मग मेक्सिको. सरहद्द आवळली की झालं, असं अमेरिकेत अनेकांना वाटतं. यात तथ्याचा अंश आहे. १९९८ मध्ये अमेरिकेनं मोसमात ग्वातेमालाची रासबेरी बंद केली, कॅनडानं केली नाही, आणि साथ आली ती ओंटारिओत. मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यात एफडीएनं पाहणी केली तेव्हा काही शेतांत माणसाची विष्ठा आणि टॉयलेट पेपर सापडले. मजुरांना संडास नव्हते किंवा नावापुरते होते, हात धुवायला साबण-पाणी नव्हतं, कोथिंबिरीचे क्रेट कधी धुतलेलेच नव्हते. २०१५ पासून १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट या काळात तिथल्या कोथिंबिरीवर आयात-मनाई आली. स्वच्छतेची अट पूर्ण केलेल्यांनाच सूट. पण २०१८ मध्ये अमेरिकेतच पिकलेल्या कोथिंबिरीत परजीवी सापडला. २०२० मध्ये फ्रेश एक्स्प्रेसच्या सॅलडमधून सातशेवर माणसं आजारी पडली तेव्हा तो फ्लोरिडातल्या एका शेताजवळच्या कालव्याच्या पाण्यात निघाला. परजीवीला पासपोर्ट लागत नाही. त्याला मजुराचा नसलेला संडास आणि उघडा कालवा पुरतो.

आणि धुण्याबद्दल: धुवावंच, माती आणि बरेच जंतू जातात. पण सायक्लोस्पोराचं कवच पानाच्या सुरकुत्यांत घट्ट चिकटतं, आणि भाजी धुण्याच्या पाण्यात वापरतात त्या प्रमाणातलं क्लोरीन त्याचं काही बिघडवत नाही. जिथे क्लोरीन हरलं तिथे मीठ-हळदीच्या पाण्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. शिजवलं की मरतो. कोथिंबीर आमटीला उकळी असतानाच घातली तर प्रश्न मिटतो, सॅलड मात्र कुणी उकळत नाही. रासबेरी तर जोरात धुतली की तिचा लगदा होतो. प्रत्येक स्वयंपाकघरानं शेतातली घाण निस्तरावी, असा हा सल्ला आहे.

फूडनेटच्या कपातीबद्दल सरकारी बाजू अशी की सायक्लोस्पोरा नोंद करायच्या रोगांच्या राष्ट्रीय यादीत अजून आहे, आणि राज्यांचे पैसे कमी पडतायत. दोन्ही खरं. रुग्णसंख्येची वाढ काही अंशी नव्या पीसीआर चाचण्यांमुळे दिसते, हेही खरं. पण ही वाढ आजाराची किती आणि चाचण्यांची किती, हे सांगू शकणारं जाळं फूडनेटच होतं. तिथले कर्मचारी दहा राज्यांत प्रयोगशाळांना स्वत:हून विचारत, अहवाल येण्याची वाट पाहत बसत नसत. गणती थांबवून वर आकड्यांवर संशय घ्यायचा, हा कसला युक्तिवाद? गळालेल्या सहांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतूही आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गीयां-बारे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वत:च्याच नसांवर उलटण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढले आणि काहींच्या शौचात हाच जंतू मिळाला, तेव्हा आठवडेच्या आठवडे वाद रंगला तो कोंबडी की पाणी असा. कॅम्पायलोबॅक्टरच्या रोजच्या, साध्या जुलाबांची आधीपासून नोंद असती तर तो वाद तारखा आणि नकाशा समोर ठेवून करता आला असता. आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ३५ व्या कलमानं डॉक्टरांना अन्नविषबाधा कळवायला लावण्याची तरतूद आहे. आपल्या गल्लीतल्या किती डॉक्टरांना ती माहीत आहे, विचारून पाहा.

मग नियम कसा असावा? तीन गोष्टी जुळल्या की नाव: रुग्ण आणि निरोगी यांच्या जेवणाची तुलना एका घटकाकडे बोट दाखवते, किमान दोन स्वतंत्र ठिकाणांहून निघालेला कागदोपत्री माग एकाच पुरवठादाराशी मिळतो, आणि त्या मालाच्या तारखा रुग्णांच्या तारखांशी जुळतात. अन्नात परजीवी सापडलाच पाहिजे अशी चौथी अट घातली तर सायक्लोस्पोराच्या बाबतीत नाव कधीच येणार नाही. नावाबरोबर पुरावा कुठवर पोचलाय आणि काय अजून बाकी आहे, हेही त्याच दिवशी छापावं. दुसरी अट हीच सगळ्यांत महाग, कारण आज माग काढायचा म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांच्या पावत्या, हातानं लिहिलेली चलनं, पुन्हा भरलेली खोकी यांतून वाट काढायची. प्रत्येक खेपेचा लॉट क्रमांक शेतापासून दुकानापर्यंत सांभाळायला लावणारा एफडीएचा नियम जानेवारी २०२६ पासून लागू व्हायचा होता. पालेभाज्या आणि कोथिंबिरीसारखा ताजा मसालापाला त्याच्या कक्षेत येतो. मार्च २०२५ मध्ये तो अडीच वर्षांनी पुढे ढकलायचं ठरलं. चुकीच्या नावाची भीती ज्यांना खरोखर वाटते त्यांनी या दिरंगाईविरुद्ध पहिल्यांदा ओरडायला हवं होतं; स्ट्रॉबेरीवाल्यांना वाचवू शकला असता तो असलाच कागद. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर २०११ मध्ये युरोपीय संघानं भाजी उत्पादकांसाठी २० कोटी युरोंहून अधिक भरपाई काढली होती. अमेरिकेच्या कायद्यात अशी भरपाई आधीच लिहून ठेवायला कुणाची हरकत आहे?